घ्या, पिरॅमिड तुमचाच

रविवार, ३ नोव्हेंबर

आजपासून नियम. ताऱ्यांवरून आलेल्या लोकांच्या गप्पा ऐकून घ्यायच्या नाहीत. तीस वर्षं गिझात गाइड आहे. तीस वर्षं पाहुणे अकलेचे तारे तोडतात आणि मी हसून मान डोलावतो. बस झालं.

अ‍ॅरिझोनाचा मिस्टर हॅल्स्टेड ग्रुप घेऊन आलाय. त्याची थिअरी अशी: आमचे तीन पिरॅमिड म्हणजे मृगातल्या ओळीतल्या तीन ताऱ्यांचा नकाशा, आणि बांधले तेही तिकडूनच आलेल्यांनी. मग आमचे पूर्वज काय करत होते? म्हणे, बघत होते.

त्याला जाहीर वादाचं आव्हान दिलं. गुरुवारी संध्याकाळी, बयूमीच्या कॅफेच्या गच्चीवर. (खरं तर आव्हान त्याने दिलं. पण मी हो फार ठामपणे म्हणालो.)

मंगळवार, ५ नोव्हेंबर

तयारी जोरात. आरशासमोर बोलून बघितलं. आवाज चांगला लागतोय.

इन्शिराह म्हणाली, अहो नश्वाचे बाबा, हॅल्स्टेडचे दात नंतर घशात घाला, आधी गॅसची टाकी आणा. या बायकोला इतिहासाची कदर नाही. टाकी उद्या.

नश्वा म्हणाली, बाबा, चार मुद्दे लिहून देते, तेवढे वाचा. तिचा एम.ए.चा प्रबंध याच विषयावर आहे: बांधणाऱ्यांनी ताऱ्यांवरून उत्तर दिशा कशी नेमकी धरली. पुढच्या बुधवारी विद्यापीठात परीक्षकांसमोर तिची तोंडी आहे, सगळ्यांदेखत. मी म्हणालो, पोरी, तुझ्या जन्माआधीपासून मी पिरॅमिडवर बोलतोय. ती म्हणाली, तीच तर भीती आहे.

विनोद म्हणून सोडून दिलं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर. गच्चीवरून आल्यावर

सुरुवात उत्तम. खणखणीत सांगितलं की हे आमच्या माणसांनी बांधलं. त्यांची वस्ती सापडली, पाव भाजायच्या भट्ट्या सापडल्या, थडगी सापडली. बयूमीने शिट्टी मारली.

मग हॅल्स्टेड समोर बघत राहिला. ऊन उतरत होतं, मोठा पिरॅमिड तांबूस झाला होता. तो म्हणाला, काय सुंदर वस्तू आहे हो तुमच्याकडे. आणि माझ्या तोंडून गेलं, घ्या, तुमचाच आहे.

यात माझं काय चुकलं? कुणी आपल्या सदऱ्याचं कौतुक केलं तर आपण काय म्हणतो? घ्या, तुमचाच. मग समोरच्याने छातीवर हात ठेवून म्हणायचं, छे छे, तुम्हालाच शोभतो. विषय संपला. बालवाडीतल्या पोरालाही हे कळतं.

हॅल्स्टेडने छातीवर हात ठेवला नाही. उठला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि माईकवर म्हणाला, आभारी आहे, ज्यांचा आहे त्यांच्या वतीने मी स्वीकारतो. टाळ्या. मी बोलायला तोंड उघडलं, पण पाहुण्याला दिलेली वस्तू परत कशी मागायची? म्हणून म्हणालो, आनंद आहे.

वाद बरोबरीत सुटला असं म्हणता येईल.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

हॅल्स्टेडने कालच्या वादाची क्लिप नेटवर टाकली. वर लिहिलंय: इजिप्तच्या तज्ज्ञाची अखेर कबुली. तज्ज्ञ म्हटलंय, हे त्यातल्या त्यात बरं.

बयूमी गल्लीच्या तोंडाशीच भेटला. म्हणाला, उस्ताज लुत्फी, पिरॅमिड दिलात ते दिलात, माझा कॅफे तरी ठेवलात ना? शेजारी उंटवाला उभा. तो म्हणाला, माझा उंट गेला असेल तर आत्ताच सांगा, चारा घालायचा थांबवतो. दोघं पोट धरून हसले. मीही हसलो. हसायला नको होतं.

इन्शिराह म्हणाली, माझ्या बहिणीने आपला फ्रिज छान म्हटलं तेव्हाही तुम्ही हेच बोललात, बिचारीला वळण होतं म्हणून वाचलो.

नश्वाने क्लिप दोनदा बघितली. मग म्हणाली, बाबा, माझ्या विभागात सगळ्यांनी बघितलीय. एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. जेवण गेलं नाही. लाज वाटते.

सोमवार, ११ नोव्हेंबर

हॉटेलवर जाऊन हॅल्स्टेडला खडसावायचं ठरवलं. क्लिप काढ, नाही तर याद राख. वाक्य पाठ केलं.

गेलो. त्याने मिठी मारली. म्हणाला, आयुष्यात मला कुणी एवढं मोठं काही दिलं नव्हतं. डोळे भरून आले त्याचे. रुमाल मीच दिला. मग ग्रुपबरोबर फोटो काढले. क्लिपचा विषय काढायला जमलं नाही.

असो. बुधवारी पहिल्या रांगेत बसणार. ताठ मानेने. कोट इस्त्रीला टाकलाय.

बुधवार, १३ नोव्हेंबर

इन्शिराह आणि नश्वा पुढे गेल्या. केकचे खोके घेऊन मी मागून. तोंडी झाली की मुलीच्या घरच्यांनी सगळ्यांचं तोंड गोड करायचं असतं.

दाराशी दोन पोरं मोबाइलमध्ये बघून हसत होती. माझाच आवाज ऐकू आला: घ्या, तुमचाच आहे. तेवढ्यात शिपायाने विचारलं, मुलीचे वडील का तुम्ही?

मी म्हणालो, नाही, केक पोचवायला आलोय.

त्याने खोके आत नेले, दार लावलं. मी बाहेरच उभा. आतलं सगळं ऐकू येत होतं. नश्वा छान बोलली. शेवटी एक परीक्षक म्हणाले, हल्ली एका गाइडची क्लिप फिरतेय, त्यावर आपलं मत? लोक हसले. नश्वा म्हणाली, ते माझे वडील आहेत, सर. पाहुण्याने कौतुक केलं, त्यांनी घरच्या रीतीने उत्तर दिलं. त्यातून पिरॅमिड कुणी बांधला ते सिद्ध होत नाही, माझ्या वडिलांना रीतभात आहे एवढंच सिद्ध होतं.

आता टाळ्या. परीक्षक म्हणाले, आलेत का ते? उभे राहू देत की.

इन्शिराह म्हणाली, वाटेत असतील, येतीलच.

मी दाराच्या कडीला हात घातला. शिपाई म्हणाला, काय हो, तुमचं काम झालं ना?

मी म्हणालो, हो, झालं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

नश्वाला सर्वांत वरची श्रेणी. फोटोत इन्शिराहच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.

नश्वाने विचारलं, बाबा, काल कुठे राहिलात? मी म्हणालो, काय सांगू, पुलावर ट्रॅफिक.

ती म्हणाली, केक मात्र वेळेवर पोचले.

मग उरलेल्यातला एक बशीत घालून माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. मला खाता आला नाही.