मानेचे मणके

प्रिय रेनाल्दो,

तुझा फोन बंदच लागतो, म्हणून हातानं लिहिते आहे. पोस्टातल्या ओमारला विचारलं, तुझ्या त्या किनाऱ्यावर पत्र पोचतं का? म्हणाला, “पोचतं की. लोकर उचलायला ट्रक जातो, त्याच्याबरोबर देतो. पण बाई, तो गृहस्थ पत्रं उघडतो का, हे मला विचारू नका.” मी म्हटलं, उघडेल. इथे वारा आहे तसाच आहे. संग्रहालयामागचा एक पॉप्लर पडला, तुझ्या खिडकीसमोरचा. आता त्या खोलीत ऊन येतं आणि हाडांची खोकी तापतात, म्हणून बेलेननं खिडकीला पुठ्ठा लावलाय. संचालक झाल्यापासून ती फार कमी बोलते. तू तिला विद्यार्थिनी म्हणून पाहिलंस तेव्हा ती सारखी हसायची.

यंदा हिवाळ्यात पाऊस जास्त झाला आणि तुझ्या जुन्या खोदकामाच्या खड्ड्याची उत्तरेकडची भिंत ढासळली. बेलेनची माणसं तिथे गेली, तर भिंतीत मणके दिसले. पाठीचे, आणि त्यांच्यापुढे मानेचे, ओळीनं, जागचे न हललेले. तुला तेव्हा शेपटी, कंबर, मागचे पाय आणि पाठीचा एक तुटका मणका मिळाला होता. त्याचा उरलेला अर्धा भाग या भिंतीत होता. मी दोन्ही तुकडे टेबलावर जुळवले. केसाइतकीही फट राहिली नाही. दुसरा प्राणी असण्याची शक्यता तिथेच संपली.

मानेचे मणके मीच साफ केले. सुईनं दगड काढत वर गेले, तर मणक्याची वरची कमान त्याच्या खालच्या धडापासून सुटून हातात आली. मला वाटलं, माझ्याकडून मोडली. भिंगाखाली पाहिलं. मोडलेली नव्हती. ती कधी जुळलेलीच नव्हती. दोघांमधली शिवण पूर्ण उघडी, दोन्ही कडा खडबडीत. त्याच्या पुढचा मणका तसाच, त्याच्या पुढचाही. शेपटीच्या शिवणी मिटलेल्या बघून तू लिहिलंस, की हा पूर्ण वाढलेला पण लहान चणीचा डायनासोर आहे, म्हणून वेगळी जात. तेव्हा सगळे तसंच ठरवत. त्यांच्या नात्यातल्या मगरींच्या पिल्लांत या शिवणी शेपटीकडून मानेकडे मिटत येतात, शेपटीच्या अगदी लवकर आणि मानेच्या शेवटी, हे नंतर कुणीतरी नीट तपासलं. तुझ्याकडे नेमकी शेपटी होती.

तो उन्हाळा मला आठवतो. नेरिस पाच वर्षांची होती. तू तिला तंबूत शेपटीचा मणका दाखवून म्हणालास, “हे बघ, इथे शिवण मिटली. म्हणजे साहेब मोठे झालेत. आता वाढणार नाहीत. तुझ्या रोसामावशीसारखे, बुटके ते बुटकेच.” रोसा पाणी उकळत होती. ती म्हणाली, “मावशी बुटकी असली तरी माते चहा हिच्याच हातचा प्यायचाय तुला.” नेरिसला हसू आवरेना. मग तिनं शर्ट वर करून पाठ तुझ्याकडे केली आणि विचारलं, “पापा, माझी मिटली का?” तू बोटानं तिच्या मणक्यांवरून खालपासून वरपर्यंत गेलास आणि म्हणालास, “छे गं. तुला अजून खूप वाढायचंय.”

पुढचं तुला सांगायला नको. पण एक गोष्ट आपण कधी बोललो नाही. ब्वेनोस आयर्समध्ये नेरिसच्या कमरेच्या हाडातून तपासणीसाठी अस्थिमज्जा काढायची होती तेव्हा तू बाहेर गेलास. मी आत थांबले. डॉक्टर मला म्हणाल्या, “आईनं मान वळवली तरी चालेल.” मी वळवली नाही. हाडात शिरताना सुई आधी अडते आणि मग एकदम सैल होते. ते माझ्या हाताला कळलं, त्यांच्या हाताला कळायच्या आधी. तू बाहेर गेल्याचा मला राग नव्हता. एवढंच सांगायचं होतं.

ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी तू त्या जातीला तिचं नाव दिलंस, नेरिसी. मला आधी विचारलं नाहीस. छापून आल्यावर अंक स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलास आणि बाहेर जाऊन लाकडं फोडत बसलास. मी ती ओळ वाचली. तुझ्या आईनं केलेला काळा केक ताटलीत होता. मी तो कापला, बाहेर तुला नेऊन दिला, आपण उभ्यानंच खाल्ला. नाव तिच्या आज्जीचंही होतं, वेल्समधून बोटीनं आलेलं, पण आज्जीचं कुणी धरलं नाही. गावानं ते आपल्या नेरिसचंच धरलं. चौकात ती सिमेंटची छोटी नेरिसी उभी राहिली. चेलाच्या बेकरीत नेरिसीची बिस्किटं निघाली. मुलं दर वसंतात पुतळ्याला वेगळा रंग देतात. यंदा जांभळा आहे.

शिवणी उघड्या दिसल्यावर वय बघायला मांडीचं हाड कापणं भागच होतं. बेलेन म्हणाली, “देलिया, तू नको करूस. आपण बाहेर पाठवू.” मी म्हटलं, “कुणाकडे? तिकडे ज्याच्याकडे जाईल तो माझ्याच हाताखाली शिकलाय. फोन करून मलाच विचारेल, काप केवढा जाड घेऊ.” ती म्हणाली, “मग त्याला विचारू दे ना. निदान करवत तुझ्या हातात नसेल.” मी काप घेतला. काचेवर चिकटवून घासत घासत उजेड आरपार जाईल इतका पातळ केला. हाड भोकाभोकांचं आहे, रक्तवाहिन्यांनी भरलेलं, भराभर वाढणारं. वर्षाला एक उमटणारी, वाढ तात्पुरती थांबल्याची वलयं दोनच. म्हातारपणी बाहेरच्या कडेला वलयांची जी दाटी होते ती अजिबात नाही. वाढ ऐन जोरात असताना संपली आहे.

मग मी तू वेगळ्या म्हणून लिहिलेल्या खुणा एकेक घेतल्या. मांडीच्या हाडावर स्नायूचा कंगोरा नाही, तो वयानं उठतो. कमरेचे मणके एकमेकांत जुळलेले नाहीत, तेही वयानं. हाडं सडपातळ, तेही तसंच. वयाच्या खुणा काढून टाकल्यावर जे उरलं ते सगळं आपल्याच खोऱ्यातल्या त्या मोठ्या डायनासोरशी जुळतं. शेपटीच्या मणक्यामागची ती तिरपी खोबणसुद्धा, जी दुसऱ्या कुणातच नाही. ते त्याचंच पिल्लू आहे. मोठ्याचं नाव तुझ्या जन्माआधीचं आहे. नियम तुला माहीत आहे, आधीचं राहतं.

चेलाला कुठून तरी कळलं. दुकानात पाव घेताना म्हणाली, “म्हणजे नेरिसी नव्हतीच?” मी म्हटलं, होती. पण ती वेगळी नव्हती. “मग बिस्किटांना काय म्हणू?” मी म्हटलं, जे म्हणतेस ते म्हण, बिस्किटांना नियम नाही. ती पावाचे पैसे घेईना. मी काउंटरवर ठेवून निघाले.

निबंध तयार आहे. मोजमापं, चित्रं, काप, सगळं. बेलेननं वाचलाय. एक वाक्य तेवढं राहिलंय. हे नाव आता त्या मोठ्या नावात विलीन झालं असून यापुढे वापरू नये, असं ते स्पष्ट लिहावं लागतं. मी चार सकाळी बसले. तिच्या हाडात सुई गेली तेव्हा मी पाहत राहू शकले, पण हे मला जमत नाही. बेलेन म्हणाली, मी लिहिते. मी नको म्हटलं. परक्या हाताचं ते वाक्य माझ्यानं वाचलं जाणार नाही, आणि तू ते छापलेलं पहिल्यांदा वाचावंस हेही मला सहन होणार नाही. नाव ज्यानं दिलं त्यानं ते परत घ्यावं, असं मला वाटतं. बाकीचं पटलं नाही तर येऊन बघ, मणके बाहेरच ठेवलेत. पटलं तर ते एक वाक्य लिहून ट्रकबरोबर पाठव. मी त्यात काना-मात्राही बदलणार नाही. निबंधावर तुझं नाव पहिलं राहील.

तुझी,
देलिया