धुतलेले हातमोजे

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझ्या औषध खात्यातल्या फायली तुला वेळेवर जेवू देत असतील, असं धरून चालतो.

चिमीचं लग्न ठरल्याचं कळवलंच होतं. होणारे व्याही दवाखान्यांना माल पुरवतात, बोलायला गोड. काल स्वतः माझ्या लाँड्रीत आले, मागे टेम्पो. टेम्पोत पोती, पोत्यांत डॉक्टरांनी वापरून टाकलेले रबरी हातमोजे. म्हणाले, धुऊन वाळवून द्या, घरचं काम घरात राहील. मला वाटलं, सफाईवाल्यांना द्यायचे असतील. पण माझे कान तुला ठाऊक आहेत. मशीनच्या घरघरीतही ऐकू आलं. ‘निर्जंतुक’ छापलेले खोके तयार ठेवा, असं ते फोनवर कुणाला तरी सांगत होते. एक मोजा उलटा केला, तर बोटांच्या टोकांत सुकलेलं रक्त.

इस्त्रीचा कोळसा फुंकत मी इथवर आलो, लोकांचे हरतऱ्हेचे डाग पाहिले, पण असला निर्लज्जपणा कधी दारात आला नव्हता. पोती परत पाठवली. ते हसत म्हणाले, तुम्ही नाही तर दुसरा. ताई, तुमचं सरकार झोपलंय का, एवढंच विचारतो.

लोभ असू दे, उत्तर मात्र लवकर दे.
तुझा,
धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. सरकार झोपलेलं नाही रे बाबा, पुरावा मागतंय. तू नावानिशी तक्रार दिलीस, तर गोदामाची झडती होईल. मी नात्यातली, म्हणून येणार नाही. माझे सहकारी येतील, आणि कोण कुणाचा व्याही याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही.

पण तुझी सही पडली, की लग्न मोडलं म्हणून समज. चिमीला तो मुलगा आवडलाय, हे तू लिहिलं नाहीस तरी तिच्या फोनवरच्या आवाजातून मला कळलं. तेव्हा बापाचा तोरा बाजूला ठेव आणि आधी तिला सांग. रडली तर रडू दे, पण गप्प बसू नकोस. तेच मोजे घालून कुणीतरी कुणाच्या तरी पोटात हात घालणार आहे.

रागावली तरी तुझीच,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. चिमी म्हणाली, खुशाल सही करा, त्याला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नसणार. मी केली. तुझी माणसं आली, गोदामाला सील लागलं. ‘निर्जंतुक’ म्हणून छापलेल्या पाकिटांत जंतूंचा बाजार भरलेला निघाला. आता चार शहाणे मला समजावायला येतात, की मुलीचा तरी विचार करायचा होता. मुलीचाच केला, हे सांगून मी थकलो.

रविवारी मुलगा घरी आला. नम्रपणे म्हणाला, तक्रार मागे घ्या, बाबा ते काम बंद करतील, लग्न ठरल्या दिवशी होईल. चिमी तोवर त्याचीच बाजू घेत होती. तिने विचारलं, की उद्या ती बाळंतपणाला गेली, तर डॉक्टरांच्या हातात कुठले मोजे असतील. तो जराही अडखळला नाही. अगदी मायेने म्हणाला, वेडी का तू, घरच्यांसाठी आम्ही नेहमीच वेगळा डबा ठेवतो.

चिमीने त्याला जिन्यापर्यंत पोचवलं. वर आली आणि मला म्हणाली, तो आत्ता जे बोलला, ते आत्याच्या माणसांना लेखी द्यायला कुठे जायचं?

तर पत्ता कळव. माझ्यावरचा लोभ थोडा कमी झाला तरी चालेल, तो तिला दे.
तुझा,
धाकटा