आठ दिवस तोंडाला कुलूप

२ फेब्रुवारी, सोमवार. झरी.
आवाज गेला. बारा वर्षं एसटीत "पुढं सरका, मधी जागा हाय" करून करून गेला. परभणीच्या डॉ.नी दुर्बिणीनं गळा बघितला. म्हणले, "कंडक्टरबाई, आठ दिवस एक शब्द काढायचा न्हाई. कुजबुजबी न्हाई. गाठ विरली न्हाई तर ऑपरेशन." घरी राहिले तर बोलणारच, म्हणून ह्यांनी आन् पोरींनी उचलून माहेरी पाठवलं. इथं धाकटा भाऊ मिलिंद आन् त्याची बायको सुजाता, दोघंच. लय खूश हाये मी. रजा! आठ दिवस!

३ फेब्रु., मंगळ.
पहाटे चारचा गजर न्हाई. साडेसातला उठले. सकाळची बुद्धवंदनाबी मनातल्या मनात म्हणली. सुजातानं हरभऱ्याचे ढाळे भाजले, निम्मे मीच खाल्ले. दुपारी झोप. उठून परत झोप.
ह्यांचा फोन. दहा मिनिटं एकटेच बोलले. शेवटी म्हणतात, "वीस वर्षांत पयल्यांदाच माझं पुरं ऐकून घेतलंस."
थांबा, आवाज येऊ द्या.

४ बुध.
सुजाता इतकी हसवती हे मला म्हाईतच नव्हतं! चौदा वर्षं झाली तिला ह्या घरात. शेजारणीच्या चालण्याची नक्कल केली, हसू दाबून दाबून पोट दुखलं. तिला बोलायला जागाच ठेवली न्हाई मी कधी. शरम वाटली थोडी.

५ गुरु.
गल्लीत बोंब: मिलिंदची आक्का जमिनीत हिस्सा मागायला आली, भावाशी अबोला धरलाय! भैन माहेरी आली आन् चार दिवस ओसरीत मुकी बसलीय, मग दुसरं काय असणार?
शेजारचे बाबाराव काका समजूत घालायला हजर. "बाई, जे असंल ते बसून बोला." मी डॉ.ची चिठ्ठी पुढं केली. चष्मा नव्हता त्यांच्यापशी. "कागदबी करून आणला का?" डोक्यालाच हात लावला त्यांनी. मिल्यानं सगळं समजावून सांगितलं, तरी जाताना त्याच्याच पाठीवर हात फिरवून गेले. सुजाता आत पदर तोंडात कोंबून हसायली.

६ शुक्र.
मिल्या सकाळपासून गप. घरात आता दोन मुके. जेवतानाबी मान खाली. सुजाता म्हणली, "ह्यांच्या पोटात कायतरी हाय."

७ शनि.
बोलला. शेळ्यांना पाला टाकता टाकता, माझ्याकडं न बघता.
"आक्का, काका येडे हायत. पण बाबा गेले तवा मी तुला इचारायला पायजे होतं. इचारलं न्हाई. भ्या वाटलं, तू हो म्हणशील. आता इचारतो. तुला पायजे का हिस्सा?"
तोंड उघडं असतं तर तिथंच "नको रे येड्या, राहू दे तुलाच" म्हणून मोकळी झाले असते. आजपर्यंत ज्यानं ज्यानं इचारलं त्याला हेच म्हणले, मशीनमधून तिकीट काढावं तसं फटकन. वही घेतली, "नको" लिहायला गेले आन् हात थांबला.
मला पायजे. थोडंच. वावरातल्या कडुनिंबाखाली खाट टाकून बसता येईल, आपलं म्हणून. हे मलाच आज कळलं.
पण मागितलं आन् माहेर तुटलं तर? लय बायकांचं तुटलंय. सोमवारी सांगते, अशी खूण केली.

८ रवि.
दुपारची झोप लागली न्हाई. सुजातानं डोक्याला तेल लावलं. म्हणली, "मी काय सांगत न्हाई, आक्का. पण माज्या भावांनी नुसती सही घेतली. तुमाला इचारलं तरी." आन् मग असं काय डोकं चोळलं, की मानच दुखायलीय.

९ सोम.
आठ दिवस भरले. तिघं ओसरीत चहा घेऊन. मिल्या माझ्या तोंडाकडं बघायलाय. गळ्यापेक्षा जास्त भ्या त्याच्या उत्तराचं वाटत होतं.
"मिल्या, मला पायजे."
आवाज फाटका, पण माझाच. सुजातानं टाळ्याच वाजवल्या. मिल्यानं बशी खाली ठेवली. मग म्हणतो, "किती?"
आता आली का पंचाईत! हे काय मी ठरवलंच नव्हतं.
चपला घातल्यात, किती ते बघायला तिघंबी वावरात चाललोय. उभ्या उभ्याच लिहायले. तो पुढं निघालाबी, रस्त्यावरनं हाक मारायलाय.