रुखवतावरचा जपानी वाडगा

१३ एप्रिल, सकाळी
स्टीलच्या ताटांची किळस आली आहे. आमच्या झरी गावात कुणाच्याही घरी जेवा, तेच ताट, तोच खणखणाट. लेकीच्या, भक्तीच्या लग्नात रुखवतावर माझ्या हातचे जपानी वाडगेच मांडणार. व्हिडिओ पाहिले. लाकडाच्या भट्टीत राख उडते, भांड्यावर बसते, वितळते, चकाकते. बायको म्हणाली, राखंनं आमी भांडे घासतो, तुमी भांड्यावर बसवायलाव का? राजेश्रीला सौंदर्यदृष्टी नाही.

१९ एप्रिल
येलदरीहून धरणाचा गाळ आणला. मेलेल्या माशांचा वास. शी! डझनभर वाडगे घडवले. एकासारखा दुसरा नाही. जपानमध्ये मुद्दाम असंच करतात.

२४ एप्रिल
निम्मे वाळतानाच तडकले. गाळच हलका.

२ मे, दुपारी
अंगणात भट्टी पेटवली. कापसाच्या पऱ्हाट्या छान जळाल्या. नेमका वारा सुटला. शेजारच्या गीताबाईंच्या गच्चीवर आमच्याच घरच्या लग्नाच्या कुरडया वाळत होत्या. गीताबाई ओरडतच आल्या, दादा, लेकीच्या लग्नाच्या कुरडया हायेत, जरा तर इचार करावा! सगळी राख कुरडयांवर. वाडग्यांवर कण तरी बसला असेल का? राजेश्रीनं पुन्हा गहू भिजवले. माझ्याशी बोलत नाही. कलावंताला शांतता लागतेच.

३ मे
भट्टी उघडली. एकच वाडगा धड. काळपट, किंचित कलता. अप्रतिम. भक्ती म्हणाली, पप्पा, रुखवतावर ठिऊ नका, सासरचे हसतेल. उगाच शिकवली हिला.

११ मे, लग्न
शेवटी भक्तीनंच आईची समजूत घातली. म्हणे, पप्पांचा जीव हाय त्याच्यात. वाडगा मधोमध! शेजारी मिक्सर आणि तो ओंगळ स्टीलचा सेट. मी बाजूलाच उभा. लोक लाडवांचे फोटो काढत होते. शिसारी आली. मग व्याही चंद्रभानराव थांबले. वाडगा दोन्ही हातांनी उचलला, बराच वेळ आत पाहिलं. अख्ख्या मांडवात एक तरी जाणकार निघाला! माझे डोळे भरून आले.

त्यांनी आत तंबाखूची पिंक टाकली.

मुलीच्या बापानं काय बोलावं? बोअरवर धुऊन आणला, पुसला, परत मधोमध ठेवला.

थोड्या वेळानं व्याही पुन्हा आले, सोबत त्यांचे दोन भाऊ. त्यांना म्हणाले, या इकडं, पाव्हण्यांनी थुंकायची सोय लय चांगली केली हाय.

मी पाणी आणायला गेलो.