काळ्या पट्ट्या नकोत

सोमवार, ३ मार्च

आज माझ्यावर जो अन्याय झाला त्याची नोंद कुठेतरी व्हायलाच हवी. शाळेच्या इतिहासात ती होणार नाही, म्हणून इथे करते. स्टाफरूममधल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवरची अक्षरं रातोरात भोपळ्याएवढी झाली! सकाळी नववीची प्रश्नपत्रिका उघडली तर पडद्यावर एकच शब्द – 'खालील'. पुढचा बघायला सरकवायचं. 'उताऱ्याचे'. या वेगाने परीक्षा पुढच्या वर्षी.

गुन्हेगार पीटीसर. चष्मा घरी विसरले म्हणून रेझोल्यूशन खाली आणलं. वर मलाच, "बाई, आपल्या वयाला हेच बरं." आपल्या! माझ्या वयाचं माझं मी बघून घेईन.

सेटिंगमध्ये गेले, पुन्हा १९२० बाय १०८० केलं. अक्षरं जागेवर. आणि नेमके हेडसर दारात उभे. "अरे वा! तुम्हाला यातलं कळतं की!"

एवढ्याशा वाक्याने माणसाचा घात होतो.

मंगळवार, ४ मार्च

झालाच. हेडसर महिनाअखेर निवृत्त होतायत. निरोप समारंभात त्यांच्या कारकिर्दीचे फोटो पडद्यावर दाखवायचे, ते मी करायचं. कॉम्प्युटरच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. त्यांनी बाळाला जरा थांबायला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं!

"भव्य झालं पाहिजे, बाई." हेडसरांचा हा एकच शब्द आहे. स्वच्छतागृहाला नवी कडी बसवली तेव्हाही भव्य.

शुक्रवार, ७ मार्च

फोटो कुठून आणायचे, हा प्रश्न सुटला. कॉम्प्युटरमध्ये ड्रॉइंगसरांचा फोल्डर तसाच पडलाय. दरवर्षी शेवटच्या दिवशी पायऱ्यांवर सगळ्या स्टाफचा फोटो व्हायचा, तो तेच काढायचे. बाकावर स्टूल, स्टुलावर कॅमेरा, टायमर लावायचा आणि धूम ठोकायची. पीटीसर मोठ्याने उलटे आकडे मोजायचे – दहा, नऊ, आठ – आणि 'एक'ला ड्रॉइंगसर धापा टाकत रांगेच्या टोकाला. टोकाला मी. मी पर्स शेजारी धरून त्यांची जागा राखायची, नाहीतर संस्कृतच्या मॅडम पसरतात.

कॅमेरा ते सगळ्यात रुंद चौकटीवर ठेवायचे. "कुणी सुटायला नको, बाई."

स्वतः मात्र दर वर्षी हललेले. "पुढच्या वर्षी बटण तुम्ही दाबा. मी एकदा नुसता उभा राहून बघतो." मी म्हणायचे, मला धावता येत नाही. मग ते हसायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

मग चित्रकलेचं पदच रद्द झालं. शाळा सुरू असताना, मध्येच. हेडसरांनीच वर लिहून दिलं होतं की चित्रं मुलं घरीही काढू शकतात. (पाटावर बसून पीटीही करता येते घरी, पण ते पद राहिलं.) निरोप नाही, फूल नाही, कपभर चहा नाही. रंगांचे डबे एका खोक्यात भरून सर फाटकातून गेले. पुढच्या हिवाळ्यात जगातूनच गेले. शाळेने दोन मिनिटं शांतता पाळली. तीत मधल्या सुट्टीची घंटा झाली.

सोमवार, १० मार्च

हॉलमध्ये चाचणी. पडदे ओढले, प्रोजेक्टर लावला. प्रोजेक्टर जुना, त्याचा पडदा जवळजवळ चौकोनी – १०२४ बाय ७६८, याच्यावर तो जात नाही. ड्रॉइंगसरांचे फोटो लांबरुंद. आता लांब माणसाला आखूड खाटेवर झोपवायचं तर उपाय तीनच.

पहिला, 'फिट'. फोटो पूर्ण दिसतो, पण वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. हेडसर किंचाळलेच, "काळ्या पट्ट्या नकोत! मी निवृत्त होतोय, मेलेलो नाही."

दुसरा, 'स्ट्रेच'. फोटो दोन्ही बाजूंनी दाबला जातो, माणसं उंच आणि सडपातळ होतात. हेडसर खूश! पोट गेलं, मान आली. "हेच! हेच ठेवा. किती नैसर्गिक!" तेवढ्यात त्यांचा ढाल घेतानाचा फोटो आला. गोल ढाल, तिचं अंडं झालेलं. पीटीसर मागून म्हणाले, "सर, अंडं दिलंय तुम्हाला, तेही उभं." रद्द.

तिसरा, 'फिल'. पडदा गच्च भरतो, पट्टी नाही, अंडं नाही. फक्त फोटोच्या दोन्ही कडा कापल्या जातात. "भव्य!" हेडसर म्हणाले. "फायनल."

कडेला कोण कापलं जातंय ते त्यांनी विचारलं नाही. मीही बघितलं नाही. घरी जायची घाई होती, दळण आणायचं होतं.

बुधवार, १२ मार्च

ड्रॉइंगसरांच्या बायकोचा फोन. वहिनींशी माझं बोलणं म्हणजे स्नेहसंमेलनाला 'कशा आहात' आणि सर गेले तेव्हाचं, एवढंच. समारंभाचं बोलावणं जुन्या स्टाफला कुटुंबासह गेलंय. कारकुनाने यादीतलं सरांचं नाव खोडलं नव्हतं, म्हणून त्यांनाही गेलं. शाळेकडून सरांना मिळालेला पहिला मान, तोही चुकून.

"बाई, फोटो दाखवणार म्हणे. हे असतील का हो त्यात?"

असतील म्हटलं.

"घरी एक धड फोटो नाही यांचा. कॅमेरा सदा यांच्याच डोळ्याला. भिंतीवर लावलाय तो ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतला. गालावर शाळेचा अर्धा शिक्का आहे."

ज्या शाळेने काढून टाकलं तिचाच शिक्का, गालावर. मी म्हटलं, वहिनी, मी फोटो वेगळे पाठवते, घरी निवांत बघा.

"घरी नको. तिथेच बघायचेत. त्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. निरोप तर कुणी दिला नाही त्यांना."

फोन ठेवता ठेवता, "मी पहिल्या रांगेत बसले तर चालेल ना?"

गुरुवार, १३ मार्च

बघितलं आज. 'फिल'मध्ये एका टोकाचे शिपाई आणि कारकून जातात. दुसऱ्या टोकाचे ड्रॉइंगसर जातात. आणि त्यांच्या अलीकडची मी. दर वर्षीच्या फोटोत. मधे हेडसर मात्र अखंड, चकचकीत.

कुणी सुटायला नको म्हणे.

हेडसरांना गाठलं. पट्ट्या चालवून घ्या म्हटलं, कडेची माणसं जातायत. ते म्हणाले, "बाई, कार्यक्रम कुणाचा आहे?" म्हटलं, तुमचा. "मग?"

मग काही नाही. मला नोकरीची अजून बरीच वर्षं काढायचीत.

शनिवार, १५ मार्च

तरी पट्ट्याच ठेवायच्या, असं ठरवून शाळा सुटल्यावर हॉलमध्ये गेले. दार लावलं. 'फिट' केलं. पहिला फोटो आला.

आपलं थोबाड भिंतीएवढं कधी बघू नये.

कॉम्प्युटरवर हा फोटो पोस्टकार्डाएवढा दिसतो. त्यात फक्त डोकी कळतात. भिंतीवर एकेकाचे डोळे दिसतात. सगळा स्टाफ समोर बघतोय. संस्कृतच्या मॅडम पोट आत घेऊन समोर बघतायत. ड्रॉइंगसर अर्धे धावते, अर्धे पोचलेले, तोंड उघडं, हसतायत. आणि एक बाई समोर बघतच नाहीये. मान वळवून त्या धावणाऱ्या माणसाकडे बघतेय. पर्स छातीशी. चेहरा –

पुढचा फोटो. तेच. त्याच्या पुढचा. तेच!

साडी वेगळी, बाई तीच, मान तिकडेच. अगं बये, एका वर्षी तरी समोर बघायचंस!

नीट वेळ साधून येतायत की नाही, ते बघत असणार मी. दुसरं काय असणार?

रविवार, १६ मार्च

मला कापून त्यांना ठेवता येईल का? नाही येत. मी मधल्या बाजूला, ते टोकाला, त्यांचा खांदा माझ्या खांद्यामागे. मला कापलं तर ते अर्धे जातात.

एकटीच्या घरात बसून दिवसभर हा हिशेब. शेजारीण विचारून गेली, बरं नाही का?

मंगळवार, १८ मार्च

एक पळवाट सापडली! फोटो पूर्ण ठेवायचे, पण बारीक करून घ्यायचे – ६४० बाय ४८०च्याही खाली. मोठ्या पडद्यावर सगळं पुसट होतं. हॉलमध्ये लावून बघितलं. माझी मान कुठे वळलीय ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. ड्रॉइंगसरांचा चेहरा म्हणजे वापरून झिजलेली साबणाची वडी.

पहिल्या रांगेत जाऊन बसले. वहिनी बसतील तिथून बघितलं. ओळखू येत नाहीत.

पुसट केलेले फोटो उडवले.

शुक्रवार, २१ मार्च

पीटीसर: "काय बाई, आजकाल गप्प गप्प! हेडसर जाणार म्हणून वाईट वाटतंय होय?"

म्हटलं, हो, इतकं की पेढेच वाटीन.

शुक्रवार, २८ मार्च

संपला एकदाचा समारंभ.

वहिनी लवकर आल्या. पहिल्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर. नीट इस्त्रीची साडी, मांडीवर चष्म्याचं घर. हेडसर मंचावर हारात बुडालेले. भाषणात त्यांनी कलेची आपल्याला किती आवड, हेही सांगितलं. मी प्रोजेक्टरपाशी अंधारात. हेडसरांचे एकट्याचे फोटो 'फिल'मध्ये, पडदाभर, भव्य. पायऱ्यांवरचे फोटो आले आणि मी 'फिट' केलं.

वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी. मंचावरून आवाज, "पट्ट्या! बाई, पट्ट्या!"

"प्रोजेक्टर म्हातारा झालाय, सर. त्यालाही निरोप द्यायला हवा."

लोक हसले. आणि त्या हशातच पीटीसरांनी, काय अंगात आलं कोण जाणे, मोजायला सुरुवात केली. "दहा! नऊ! आठ!" जुना स्टाफ सगळा त्यात मिसळला. "तीन! दोन! एक!" नेमका एकला फोटो बदलला आणि ड्रॉइंगसर धावत आले. पुढच्या फोटोला पुन्हा मोजणी. पुन्हा सर धावत आले. अख्खा हॉल मोजत होता. असा निरोप हेडसरांनाही मिळाला नाही.

इतपत पुरे होतं. पण पीटीसरांना थांबायचं कुठे ते कधी कळलंय? "अरे, आपल्या बाई बघा! बाई, कॅमेरा इकडे आहे, इकडे!" हॉल फुटला. पुढच्या फोटोला, "पुन्हा तिकडेच!" त्याच्या पुढच्याला मुलंसुद्धा ओरडली. संस्कृतच्या मॅडम शेजारणीच्या कानाला लागल्या, ते मला अंधारातही दिसलं. हेडसरही हसत होते.

रिमोट हातात होता. एक बटण दाबलं असतं की पुन्हा 'फिल'. पडदा गच्च, आम्ही दोघंही नाही.

नाही दाबलं.

दिवे लागले. वहिनी हसल्या नव्हत्या. चष्मा पुसत होत्या. मी जवळ जाईपर्यंत उठल्या, माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहासुद्धा न घेता गेल्या.

सोमवार, ३१ मार्च

स्टाफरूममध्ये मी शिरले की सगळे एकदम खिडकीकडे बघतात, मान वळवून. पीटीसरांची कल्पना. विनोद चांगला आहे. माझ्यावर नसता तर मीही केला असता.

त्यांच्या हास्याचं काही वाटत नाही. ती बाई चहा न घेता गेली. नवऱ्याचा निरोप बघायला आली होती, आणि मी तिला काय दाखवलं?

गुरुवार, ३ एप्रिल

वहिनींना सगळे फोटो पाठवून दिले, पूर्ण आकारात. सोबत काही लिहिलं नाही. लिहिणार काय!

रविवार, ६ एप्रिल

उत्तर नाही. नसणारच.

मंगळवार, ८ एप्रिल

पीटीसरांनी आज आपणहून रेझोल्यूशन पूर्वीसारखं करून ठेवलं आणि म्हणाले, "बाई, मी परवा जरा जास्तच –" म्हटलं, चष्मा लावत जा.

शनिवार, १२ एप्रिल

वहिनींचा फोन. "येऊन जा." एवढंच.

गेले. भिंतीवरचा शिक्क्याचा गाल उतरवलेला. तिथे नवी फ्रेम. पायऱ्यांवरच्या फोटोची एकच कड – धावत आलेले सर, आणि त्यांच्याकडे बघणारी मी. "मधले सगळे कापले," वहिनी म्हणाल्या. "त्यांचं इथे काय काम?"

त्या आत गेल्या, सरांचा कॅमेरा घेऊन आल्या. स्टूल त्यांनीच मांडलं. "फ्रेमपाशी आपल्या दोघींचा एक घ्या. मला टायमर येत नाही."

बटण मी दाबलं आणि धावले. वयाला मुळीच न शोभेल अशी. भिंतीपाशी वहिनींनी माझी पर्स शेजारी धरून जागा राखली होती.

फोटो बघितला. मी हललेली. वहिनी कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत.