आईला दिलेला काढा

आप्पा, आई नगरला दवाखान्यात आहे. आज सहावा दिवस. विषाणूचा न्यूमोनिया झालाय, ऑक्सिजन लावलाय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला लिहितेय, कारण जिवंत माणसांना सांगायची छाती होत नाही. मला फार भीती वाटते.

काल डॉक्टरीणबाईंनी बाजूला घेतलं. छाती जरा सुधारतेय, पण लिव्हरचे रिपोर्ट बिघडलेत, म्हणाल्या. आईचे डोळे पिवळे दिसतायत. "या वयात अशा न्यूमोनियात लिव्हरलाही सूज येते. आजारानं असेल, औषधानं असेल. घरी काही दिलं होतं का?" मी ठामपणे नाही म्हटलं. शेजारी भाऊ उभा होता. तो दवाखान्यात नेऊ म्हणत होता तेव्हा मीच त्याला दोन दिवस थांबवलं होतं.

दिलं होतं, आप्पा. तुम्ही गावाला द्यायचात तो गुळवेलीचा काढा. गावात तापाची साथ आली तशी बांधावरच्या कडुलिंबावरची गुळवेल तोडून आणली, राहात्याच्या आपल्या घरातल्या तुमच्याच पाट्यावर ठेचली. रोज दोन वेळा पेलाभर. आई तोंड वेडंवाकडं करायची, म्हणायची, "बास कर गं, लई कडू हाय. मळमळतंय मला." आणि मी, मोठी वैद्याची लेक, तिला दटावायचे, "कडू आहे म्हणूनच गुण येतो."

आज सकाळी डॉक्टरीणबाईंच्या मागे जिन्यापर्यंत धावले आणि सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त धास्ती बसली. "किती दिवस?" "सतरा." त्यांनी लिहून घेतलं. "त्यानंच झालं असं आत्ताच म्हणता येणार नाही. पण सांगितलंत ते बरं केलंत. उद्या परत रक्त तपासू." तेव्हापासून वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलेय. आई हातानं बोलावते, मी आत जाते, आणि तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळते.

हा कागद कुणाकडे जाणार नाही, म्हणून एक लिहूनच टाकते. तुम्ही होतात तेव्हा एकदा शेजारची म्हातारी चौथ्या दिवशी काढा मागायला आली, तेव्हा तुम्ही तिला दारातूनच परत पाठवलंत. "तीन दिस झालं, आता बंद. औषध हाय, चहा न्हाई," असं ओरडला होतात. मी तिथेच भांडी घासत होते, सगळं ऐकलं होतं. आणि आज जिन्यात, सतरा दिवस का दिला, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "आमच्या वडिलांनीच तसं सांगितलं होतं."