दगडाजवळचं लोखंड

१० फेब्रुवारी १९७५
घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, चष्माही काढला — त्याच्या दांडीत म्हणे लोखंड! विमानतळाच्या माळावर मोजणीचे साहेब आलेत. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून जरा बाजूला दाखवते आणि ते 'जरा' वर्षागणिक बदलतं. वैमानिकाला ते ठाऊक हवं. मागच्या मोजणीचा दगड रोवलेला आहे. मोजायचं पुन्हा तिथंच. मी वर्तमानपत्राचा माणूस, चष्म्याविना दोन्ही उत्तरा मला सारख्याच.

११ फेब्रुवारी
घोटाळा! दगडाला लागूनच काशम्माची झोपडी उभी राहिली आहे. कुदळ, पहार, तवा — सगळं तिनं मुकाट्यानं लांब नेऊन ठेवलं. विळा मात्र नाही. सून सुंदरम्मा परवाच बाळंत झाली, मुलगी झाली. उशाशी विळा.
"पयल्या दोगींनी आठवडा न्हाय काडला, पेपरवाले. ही ऱ्हायली पायजे. इळा हालायचा न्हाय."
साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्हीच समजवा."

१२ फेब्रुवारी
समजावलं. विळ्याऐवजी मंत्र देतो म्हणालो! बाजेपाशी बसून 'देव' शब्द सगळ्या विभक्तींत चालवला, गंभीर चेहऱ्यानं. पाठशाळेतले गुरुजी वरून बघत असतील तर छडी शोधत असतील. काशम्मानं हात जोडले. "लई जड मंतर हाय की!" दुपारपर्यंत विळा बाहेर. सुई स्थिर, साहेब खूश. पोरीनं मला बघून मोठी जांभई दिली — पाठांतरावरचा अभिप्राय.

१३ फेब्रुवारी
मोजणीची बातमी छापून आली. चौथ्या पानावर, बैलबाजाराच्या खाली.

१५ फेब्रुवारी
पोर अंगावर पीत नाही. जबडा घट्ट मिटलाय. काशम्मानं दारातच विचारलं, "तुमचा मंतर कुटं गेला?" टांगा केला, तिघींना दवाखान्यात नेलं.

१६ फेब्रुवारी
गेली. धनुर्वात.
काशम्मा दवाखान्याच्या पायरीवर सगळ्यांदेखत ओरडली — "ह्यानं इळा काडाया लावला! ह्यानं खाल्ली माजी नात!" लोक जमले.

१७ फेब्रुवारी
डॉक्टरांनी काल मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "नाळ कशानं कापली?" आज सुंदरम्माला विचारलं.
"सासूबाईनं. त्याच इळ्यानं. तिगींचीबी."
का विचारता, म्हणाली. सहज, म्हणालो.
काशम्माला सांगणार नाही. माझ्यावरच ओरडू दे तिला.